उशीर झाल्याचे स्वप्न आणि आमची मुले

विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींना झोपेत कोणती स्वप्ने पडतात, हा चळवळीच्या दैनिकाने लिहायचा विषय आहे काय, असे आमचे काही वाचक विचारतील. शिष्यवृत्त्या थकतात, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, वसतिगृहाच्या प्रवेशासाठी मुले तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत खेटे घालतात; हे सारे सोडून स्वप्नांवर लेख? आम्हालाही आधी तसेच वाटले असते. परंतु होळीच्या दिवसांत मेळघाटात सेमाडोहला दोन रात्री मुक्काम पडला आणि तिथे जे ऐकले त्यावरून आमचे मत बदलले. या थकलेल्या शिष्यवृत्त्यांची आणि या खेट्यांची नोंद सरकारी रजिस्टरात होवो न होवो, आमच्या मुलांच्या झोपेत ती रोज होत आहे.

सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातले, सिपना नदीच्या काठचे, परतवाडा-धारणी रस्त्यावरचे गाव. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत १९७३-७४ साली मेळघाटची निवड झाली, तेव्हापासून या गावाला येणारा बाहेरचा माणूस वाघाची चौकशी करतो. गावातल्या पोरांची चौकशी करणारा क्वचितच भेटतो. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. हरभरा सोंगायला, वीटभट्टीवर, कुठे कुठे कामाला गेलेली कुटुंबे होळीला गावी परततात, बाजार भरतात, रस्त्यावर फगवा मागितला जातो. अलीकडे त्यांच्यासोबत आणखी एक वर्ग परततो, तो म्हणजे परतवाडा, अमरावती, अकोला इथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींचा. आईबापाच्या पाठीवर गाठोडे असते आणि यांच्या पाठीवर बॅग.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या घराच्या ओसरीवर अशी सहासात मुले झोपली होती. बहुतेक कोरकू, एक गवळ्याचा, दोघे बौद्ध घरांतले. मध्यरात्रीनंतर त्यांतला एक ओरडत उठून बसला. पाणी पिऊन पुन्हा आडवा झाला. सकाळी चहाच्या वेळी बाकीच्यांनी त्याची थट्टा सुरू केली, "काय रे, सुटला का पेपर?" तेव्हा कळले, की हे सर्वांना माहीत आहे आणि सर्वांनाच पडते. तो मुलगा ओशाळून आम्हाला म्हणाला, "मले त रातभर यष्टीच भेटत नाही, सर. पेपर सुरू होऊन जाते अन् मी घटांगलेच." सेमाडोह ते अमरावती हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये घटांगचा घाट. हा मुलगा अमरावतीत खोली करून राहतो, परीक्षेला तो चालत जातो, प्रत्यक्षात त्याचा पेपर कधी बुडाला नाही. पण स्वप्नात दर वेळी त्याला सेमाडोहहूनच निघावे लागते.

मग एकेकाने सांगायला सुरुवात केली. एकाच्या स्वप्नात परीक्षेच्या हॉलबाहेर लावलेल्या यादीत त्याचा नंबरच नसतो. दुसरा पेपर हातात घेतो तर तो कोणत्या भाषेत आहे हेच समजत नाही. तिसरा धावतो आणि पाय उचलत नाहीत. चौथा घाटातून पडतो, पडतच राहतो आणि खाली टेकण्याआधी जागा होतो. एका मुलीने, बराच वेळ गप्प बसल्यानंतर, सांगितले की वर्गात बाई तिला उभे करून प्रश्न विचारतात, तिला उत्तर येत असते, पण तोंडातून कोरकूच निघते आणि सगळा वर्ग हसतो. हे सांगताना ती स्वतः हसली. बाकी कोणी हसले नाही.

ही स्वप्ने ऐकून आम्हाला वाटले होते, की ही मेळघाटची, म्हणजे आमच्या दुःखाची खास स्वप्ने असणार. ते तसे नाही, हे आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९५८ साली अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्नावली देऊन तुलना झाली होती. पडणे, पाठलाग होणे, शाळा आणि अभ्यास, पुन्हा पुन्हा एकच काम करत राहणे ही स्वप्ने दोन्हीकडे सापडली. २००३ साली कॅनडातल्या ११८१ विद्यार्थ्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या शंभरातल्या ऐंशीहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी पाठलागाचे स्वप्न पडलेले होते, जवळपास दोन तृतीयांश जणांना शाळा, शिक्षक आणि अभ्यासाचे, आणि निम्म्याहून अधिक जणांना उशिरा पोहोचल्याचे. ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांनाही उशीर होतो. टोकियोच्या मुलाचा, टोरांटोच्या मुलीचा आणि सेमाडोहच्या पोराचा मेंदू एकाच घडणीचा आहे. जन्मावरून माणसामाणसांत फरक असतो असे सांगणाऱ्यांनी कधी या स्वप्नांच्या याद्या समोरासमोर ठेवून पाहाव्यात.

चौकट सारखी असली तरी तिच्यात भरलेला मजकूर मात्र ज्याच्या त्याच्या घरचा असतो. पाठलाग कोण करते, असे आम्ही ओसरीवर विचारले. शहरातला माणूस म्हणेल, मेळघाटात वाघच करत असणार. दोघांनी सांगितले, अस्वल. जंगलातल्या माणसाला वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त असते, कारण वाघ सहसा बाजूला होतो आणि अस्वल अंगावर येते. तिसऱ्याने सांगितले, कॉलेजातले क्लार्क साहेब. यावर मात्र सगळे खदखदून हसले. क्लार्क हातात कागद घेऊन मागे लागतो आणि म्हणतो, व्हॅलिडिटी आण.

या स्वप्नांच्या शरीराकडल्या बाजूविषयी थोडे सांगायला हवे, कारण आमच्या वस्त्यांत याविषयी अज्ञान फार आहे आणि अज्ञानावर जगणारेही फार आहेत. १९५३ साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की नावाच्या एका विद्यार्थ्याने आणि त्याचे गुरू क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की झोपेत ठरावीक काळाने बंद पापण्यांखाली डोळे वेगाने हलू लागतात आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. साधारण दर दीड तासाने ही अवस्था येते. तिच्यात मेंदू जागेपणीइतका कामात असतो आणि हातपाय मात्र शिथिल, जवळजवळ बांधल्यासारखे असतात. पळताना पाय न उचलण्याचा अनुभव यातून येत असावा, असे काही संशोधक मानतात. कधी कधी जाग येते आणि शरीर अजून सुटलेले नसते. तेव्हा छातीवर कोणी बसले आहे असे वाटते. ते भूत नव्हे, करणी नव्हे. ती काही क्षणांत आपोआप जाते. आणि रात्र सरत जाते तसा या अवस्थेचा काळ लांबत जातो, म्हणून पहाटेचीच स्वप्ने जास्त लांब आणि जास्त आठवणारी असतात. पहाटेचे स्वप्न खरे होते, ही समजूत एवढ्यावरच उभी आहे. खरे होते ते नव्हे, लक्षात राहते ते पहाटेचे.

त्या यष्टीवाल्या मुलाच्या आईला हे कोणी सांगितलेले नव्हते. पोरगा सुट्टीत घरी आला की ओरडून उठतो, म्हणून तिने भूमकाला विचारले. भूमकाने कोंबडा सांगितला आणि पोराला शहराची हवा लागू नाही असेही सांगितले. आईने कोंबडा दिला. पोराने शिक्षण सोडले नाही, हे नशीब म्हणायचे का आईचे शहाणपण? आम्ही तिला विचारले तर म्हणाली, "कोंबडा घरचा होता, शिकणं पोराचं हाये."

भूमकावर तुटून पडणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही, कारण त्याहून मोठे भूमके शहरात पाट्या लावून बसले आहेत. मुलाला वाईट स्वप्न पडते म्हणून अमुक खडा, तमुक शांती, अभ्यासाच्या टेबलाची दिशा बदला, असे सांगून हजारोंनी रुपये घेणारे लोक अमरावती-अकोल्यात काय कमी आहेत? २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिष विद्यापीठात विषय म्हणून शिकवायला परवानगी दिली. शास्त्रज्ञ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली त्यांची याचिका फेटाळली गेली. २०२१ साली तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने ज्योतिषाचा एम.ए. सुरू केला. मेळघाटच्या भूमकाला निदान कोणी पदवी दिलेली नाही.

स्वप्नावर पोट भरणाऱ्यांचा हा धंदा किती जुना आहे, हे आपल्याच ग्रंथांत लिहून ठेवले आहे. जातककथांतली ७७ क्रमांकाची कथा महासुपिन जातक म्हणून प्रसिद्ध आहे. कोसलाचा राजा पसेनदी याला एका रात्री सोळा स्वप्ने पडली आणि तो घाबरला. सकाळी ब्राह्मण पुरोहित आले. त्यांनी सांगितले, राज्याला, जिवाला किंवा संपत्तीला धोका आहे, मोठा यज्ञ करावा लागेल. पशुपक्षी गोळा होऊ लागले. पुरोहितांच्या एका तरुण शिष्याने गुरूला विचारले, एवढी हत्या कशाला? तेव्हा गुरूने सांगितले, की यात आपल्याला धन मिळते, तुला अजून कळत नाही. राणी मल्लिकेने राजाला तथागतांकडे पाठवले. तथागतांनी सोळाही स्वप्ने ऐकून घेतली, यांपासून तुला काही भय नाही असे सांगितले, आणि यज्ञासाठी बांधलेली जनावरे सुटली. त्या कथेत पुढे स्वप्नांचे जे अर्थ दिले आहेत त्यांतले काही आम्हाला पटत नाहीत. कुलीन आणि हीन असा भेद त्यांत डोकावतो, आणि जे बुद्धीला व माणसाच्या कल्याणाला धरून नाही ते बुद्धवचन मानू नये ही कसोटी बाबासाहेबांनी आपल्याला दिलेली आहे. पण कथेचा गाभा स्वच्छ आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तातही स्वप्ने सांगून पोट भरणे ही भिक्खूने टाळायची हलकी विद्या म्हणून नोंदलेली आहे. घाबरलेल्या माणसाचे ऐकून घ्यायचे, त्याचे भय काढायचे आणि बांधलेले सोडायचे, एवढे काम आहे. आमच्या विहारांत आणि वसतिगृहांत हे काम कोण करते?

आता परीक्षेच्या स्वप्नाकडे पुन्हा येऊ. व्हिएन्नाच्या फ्रॉइडने आपल्या स्वप्नांवरच्या ग्रंथात, ज्यावर १९०० हे साल छापलेले आहे, एक गमतीची गोष्ट नोंदवली आहे. परीक्षेत नापास झाल्याचे स्वप्न बहुधा त्यांनाच पडते जे ती परीक्षा कधीचे पास झालेले असतात. तो स्वतः न्यायवैद्यकाच्या परीक्षेत नापास झाला होता. त्या विषयाचे स्वप्न त्याला कधी पडले नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र हे सुटलेले विषय मात्र झोपेत छळत राहिले. फ्रॉइडचे सगळेच आम्ही मानत नाही. पण ही नोंद आम्ही ओसरीवर सांगितली तेव्हा त्या मुलांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. त्याहून ताजी गोष्ट फ्रान्समधली आहे. तिथे वैद्यकीय शाखेच्या स्पर्धा परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वप्नांविषयी विचारण्यात आले, ७१९ जणांनी उत्तरे दिली आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभरातल्या साठ जणांना परीक्षेच्या आदल्या रात्री परीक्षेचेच स्वप्न पडले होते. त्या स्वप्नांपैकी ७८ टक्क्यांत काहीतरी बिघडलेले होते, मुख्यतः उशीर झालेला किंवा उत्तर आठवत नसलेले. आणि ज्यांना परीक्षेची स्वप्ने पडली त्यांना, न पडलेल्यांपेक्षा, सरासरीने गुण जास्त मिळाले. स्वप्नामुळे गुण मिळाले असे कोणी समजू नये. ज्याला परीक्षेची कळकळ आहे तो दिवसाही तिच्या मागे असतो आणि रात्रीही, एवढाच त्याचा अर्थ. तरीपण स्वप्नात नापास झालो म्हणजे पेपर बिघडणार, हा जो धसका मुले घेतात त्याला काही आधार नाही, हे यातून स्पष्ट होते.

ज्या मुलाला यष्टी मिळत नाही त्याच्या वडिलांना आम्ही विचारले, तुम्हाला परीक्षेचे स्वप्न कधी पडले का? ते म्हणाले, परीक्षाच नव्हती तर स्वप्न कोठून पडणार. त्यांच्या झोपेत जंगल येते, मुकादम येतो, मेलेला भाऊ येतो. ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. शेकडो वर्षे आमच्या लोकांना शाळेच्या दारात उभे केले जात नव्हते. ज्याला दाराशी जाण्याचा अधिकार नाही त्याला दार बंद झाल्याचे स्वप्न कसे पडेल? १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले तेव्हा सभा भरवून त्यांचा सत्कार करावा लागला, इतकी ती गोष्ट दुर्मिळ होती. मॅट्रिकच्या पुढे शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अमरावतीला विद्यापीठ आले १९८३ साली. आज त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे आणि वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांतून पहिल्या पिढीची मुले त्याच्या पायऱ्या चढतात. त्यांना जे वाईट स्वप्न पडते ते या चढण्याबरोबरच आलेले आहे.

बाबासाहेबांची झोप कशी असेल, याचा विचार आम्ही त्या रात्री केला. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पैसे संपल्यामुळे शिक्षण थांबण्याचा अनुभव आजच्या मुलांना नवा वाटत असेल, पण तो आपल्याकडे वारसाने आलेला आहे. नंतर बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा नाही. नाव बदलून पारशांच्या धर्मशाळेत उतरले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक खोलीसमोर येऊन उभे राहिले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि अठरा वर्षे लोटली तरी ते दृश्य पुसले गेलेले नाही, असेही सांगितले आहे. परदेशातल्या मोठमोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला माणूस, आणि त्याच्या डोळ्यांसमोरून काठ्या घेतलेली माणसे हलत नाहीत. पाठलागाचे स्वप्न जगात सर्वांनाच पडत असेल. पण काही जणांच्या बाबतीत तो पाठलाग आधी जागेपणी झालेला असतो.

म्हणून आम्ही म्हणतो, की स्वप्न हा शकुन नाही आणि निव्वळ पित्तही नाही. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर शार्लोट बेराट या ज्यू पत्रकार बाईने १९३३ ते १९३९ या काळात बर्लिनमधल्या साध्यासुध्या लोकांची स्वप्ने गुपचूप गोळा केली. कागद पुस्तकांच्या बांधणीत लपवले, हिटलरला "हान्स काका" आणि अटकेला "फ्लू" अशी सांकेतिक नावे दिली. १९६६ साली ते पुस्तक निघाले. त्यात एका डॉक्टरच्या स्वप्नात घराच्या भिंतीच नाहीशा होतात. त्या काळात लोक जागेपणी जे बोलू शकत नव्हते ते झोपेत पाहत होते. आपल्याकडे कोणी आश्रमशाळांतली, समाजकल्याणच्या वसतिगृहांतली स्वप्ने अशी गोळा केली आहेत काय? आमच्या अमरावती जिल्ह्याचेच सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्समधली जातीय वागणूक उघड केली, तोंडी परीक्षेत परीक्षक जात विचारतात हे सांगितले. तो जागेपणाचा अहवाल होता. त्याला जोडून झोपेचाही एक अहवाल हवा होता. २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला गेला, २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले आणि ते काढलेच पाहिजेत. पण मोर्चाची वेळ येण्याच्या कितीतरी आधी, खोलीत एकटे पडलेले लेकरू रात्री दचकून उठत असते. शेजारच्या खाटेवरच्याला ते माहीत असते आणि तो थट्टा करून सोडून देतो.

ज्याच्या स्वप्नातल्या यादीत नंबर नसतो, त्या मुलाची गोष्ट पुढे उलगडली. एका वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर आले नाहीत म्हणून त्याच्या कॉलेजने हॉलतिकीट अडवून ठेवले होते. फी भरा, मग तिकीट न्या. बापाने मुकादमाकडून उचल घेतली आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिकीट मिळाले. पेपर झाला, तो पासही झाला. ती उचल फेडायला घरातली तिघे त्या हंगामात बाहेर राबली. आता सांगा, या मुलाला मानसोपचाराची गरज आहे की त्याच्या कॉलेजला कायद्याची? समुपदेशक असावेत, जरूर असावेत, आमचा विरोध नाही. पण ज्या स्वप्नाचे मूळ महाडीबीटीच्या पोर्टलवर "प्रलंबित" म्हणून लटकले आहे ते दीर्घ श्वास घेऊन कसे जाईल?

इथे आमच्याही पदरात थोडे घालून घेतले पाहिजे. जयंतीच्या मंचावर आपण गुणवंतांचे सत्कार करतो. शाल, पुष्पगुच्छ, फोटो आणि मग वक्ता सांगतो, मोठी स्वप्ने पाहा, कलेक्टर व्हा. मागच्या रांगेत एक मुलगा उभा असतो, ज्याचे दोन विषय राहिले आहेत. तो पुढच्या वर्षी जयंतीला येत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तो वस्तीतच येत नाही. त्या एका मुलाच्या खांद्यावर आपण घर, भावकी, गाव आणि चळवळ एवढे सगळे ठेवलेले असते आणि त्याला आपण प्रेरणा म्हणतो. सेमाडोहच्या त्या मुलीने आम्हाला सांगितले, की नापास होण्याची तिला भीती नाही. नापास होऊन गावात परत कशी येऊ, ही भीती आहे. गावातून अमरावतीला शिकायला गेलेली ती पहिलीच. तिच्या मागे लहान मुली आहेत आणि त्यांचे आईबाप तिच्याकडे पाहून ठरवणार आहेत. हे तिला कोणी सांगितले नव्हते, तिचे तिलाच कळत होते. अशा मुलीला आपण मंचावरून आणखी एक ओझे देणार, की राहिलेला विषय सोडवायला एखादी ताई शोधून देणार?

आम्हाला काही मोठी योजना सुचवायची नाही. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी, की जिथे पुढच्या वर्गातली मुले मागच्या वर्गातल्यांना आपले राहिलेले विषय, आपली फजिती, आपली स्वप्ने सांगतील. भाषण नको, पाहुणा नको. ज्याच्या स्वप्नात क्लार्क मागे लागतो त्याची व्हॅलिडिटीची फाईल दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून घेऊन जावी. ज्याच्या स्वप्नात नंबर नसतो त्याचे हॉलतिकीट महिनाभर आधी तपासावे आणि कॉलेज अडवत असेल तर संघटनेने त्या दिवशीच दारात जावे, परीक्षेच्या आदल्या रात्री नव्हे. ज्या मुलीच्या तोंडून स्वप्नात कोरकू निघते तिला कोणीतरी सांगावे, की कोरकू ही मुंडा कुळातली स्वतंत्र भाषा आहे, मराठीची मोडतोड नव्हे. तिने घरची कोरकू, शाळेतली मराठी, बाजारातली हिंदी आणि पेपरातली इंग्रजी एवढ्या चार भाषा पेलल्या आहेत आणि हसणाऱ्या वर्गातल्या बहुतेकांना त्या पेलत नाहीत. आणि मुलांनी झोपावे. परीक्षेच्या आधी रात्र रात्र जागून, पहाटेची झोप मोडून पाठांतर करणारी मुले जी झोप गमावतात, शिकलेले पक्के व्हायला त्याच झोपेची गरज असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परतवाड्याच्या गाडीसाठी सेमाडोहच्या रस्त्यावर उभे होतो. तो मुलगाही बॅग घेऊन आमच्यासोबत आला. सण अजून संपला नव्हता, घरच्यांनी आणखी एक दिवस राहा म्हटले होते, पण त्याचे प्रॅक्टिकल होते. गाडीला उशीर होता. पाऊण तास झाला तशी तो दर दोन मिनिटांनी वळणाकडे पाहू लागला. आम्ही विचारले, "काय रे, हे स्वप्न की खरे?" तो म्हणाला, "सर, आज त म्या एक दिवस अगोदरच निघालो हाये." मग धारणीकडून गाडी आली, भरलेलीच होती. दाराशी लोंबकळत तो चढला आणि आम्हाला आत ओढून घेतले.